रिकामी कणगी

नोकरी संपून वर्षं झाली, पण तळेघरच्या डोंगरातली ती केस काही मनातून जात नाही. भातकापणी नुकतीच उरकली होती. ठाण्यात पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, कपारीत माणूस हाय. पार वाळून गेलाय."

पंचनाम्याला गेलो. घोंगडीत गुंडाळलेला मृतदेह, कातडी सुकून हाडांना चिकटलेली. गळ्यातल्या ताइतावरून ओळख पटली. उन्हाळ्यात 'देवाला जातो' म्हणून निघालेला गावातलाच म्हातारा शेतकरी. तो निघाला हे पुतण्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं.

गावाने निकालही देऊन टाकला. येडगावकडचा एक मेंढपाळ कोकणात जाता-येता त्या कपारीपाशी मेंढरं बसवायचा, म्हाताऱ्याशी त्याची चाऱ्यावरून बाचाबाची झालेली, वर घोंगडी! वरिष्ठांचा रोज एकच प्रश्न, "अटक कधी दाखवताय?" चौकशीसाठी ठाण्यात बसवलेल्या मेंढपाळाचंही एकच पालुपद, "म्या न्हाई मारलं. माजी मंडळी एकली हाय मेंढरांपाशी."

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. उघड्यावरच्या प्रेताला लगेच माशा लागतात, अळ्या होतात, त्यांच्या कोषांची टरफलं मागे राहतात. इथे एकही टरफल नव्हतं. उलट धोतराच्या निऱ्यांत राख आणि मेलेले टोके किडे, साठवलेल्या भाताला लागतात तेच. म्हणजे मेल्याबरोबर प्रेत धान्याच्या जागी बंद झालं होतं. रानात मुक्काम करणारा मेंढपाळ अशी जागा आणणार कुठून?

म्हाताऱ्याच्या घरी गेलो. पुतण्याने चहा पुढे केला. ओटीवर नव्या भाताच्या गोण्यांची थप्पी आणि आत चुलीशेजारी माणसाएवढी कणगी, ताजी सारवलेली, रिकामी. नवं भात आलं की आधी कणगी भरायची, ही तिकडची रीत.

"एवढं भात गोण्यांत कशाला, राव?"

"कणगीत किडा लागतो, साहेब."

"मग सारवली कशाला?"

आतून त्याची बायको रडतच म्हणाली, "म्याच न्हाई घालू दिलं. पोरास्नी त्यातलं कसं खाऊ घालू?"

मग पुतण्यानेच सगळं सांगितलं. जमिनीच्या वाटणीवरून त्याने चुलत्याला ढकललं होतं, उंबऱ्यावर डोकं आपटून म्हातारा गेला. प्रेत घरातल्याच घोंगडीत गुंडाळून कणगीत घातलं, राख ओतली, झाकण शेणाने लिंपलं. चुलीच्या धगीने पावसाळाभर ते वाळत राहिलं. भात घरात यायची वेळ झाली तेव्हा कपारीत नेऊन टाकलं.

मेंढपाळाला सोडलं. वाटलं, गडी खूश होईल. तो म्हणाला, "तुमी सोडलं, साहेब. पर गाव मंडळीला हिरीवर चढू देत न्हाई, त्येचं काय?"

मला भयंकर संताप आला. त्याला जीपमध्ये घातलं, देवळापुढे गाव जमवलं आणि झालेलं सगळं ऐकवलं. कुणी मान वर करेना. आरोपी सापडला की तपास कागदावर संपतो; पण ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याचा तो आळ चारचौघांत उतरवणं हेही पोलिसाचंच काम, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याच्या बायकोने विहिरीवर हंडा भरून डोक्यावर घेतला, तोवर मी तिथून हललो नाही.