दोघींची अदलाबदल

डिंगोरे गावच्या अंजनाला कुणी विचारलं, की बाई, नवरा कसा आहे, तर ती म्हणायची, "आज बरा हाय." उद्याचं ती कधी बोलायची नाही.

संपतच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला नारायणगावला डायलिसिसला न्यावं लागायचं. मशीनवरून उतरला की दिवसभर पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा. दुसऱ्या दिवशी जरा तरतरी यायची, टोमॅटोत चक्कर मारून यायचा, आणि लगेच पाय पुन्हा सुजायला लागायचे. सगळ्यांत वाईट होतं ते पाणी. डॉक्टरांनी दिवसाला जेमतेम तांब्याभर ठरवून दिलेलं, तेही चहा-आमटी धरून. भर उन्हाळ्यात घरात कुणी पेला तोंडाला लावला, की संपत त्या माणसाच्या घशाकडे बघत राहायचा. ते अंजनाला बघवेना. मग तिनं त्याच्यापुढं पाणी पिणंच सोडलं. चहासुद्धा मोरीत उभी राहून प्यायची. पुढं पुढं तहान लागली तरी तिच्या ध्यानात येईना.

पहिल्याच दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली होती, माझी घ्या. पण तिचा रक्तगट बी आणि संपतचा ए. धाकटा दीर रामनाथ याचा गट जुळत होता, पण त्याच्या बायकोनं डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. तिच्या पदरात दोन लेकरं, तिला तरी काय म्हणायचं?

मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नाव नोंदवलं. तिथं साधना नावाची बाई होती, रोग्याच्या घरच्यांना सगळं समजावून सांगायचं हेच तिचं काम. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. अपघातात एखाद्याचा मेंदू मरतो, हृदय चालू असतं, तेव्हा घरच्यांनी होकार दिला तरच किडनी मिळते. पण घरचे म्हणतात, आमचा माणूस आम्हाला अख्खा द्या, कापू नका. त्यांचंही चुकतं असं कसं म्हणावं, आकाशच कोसळलेलं असतं. म्हणून नंबर सरकत नाही, आणि तुमच्या पुढं माणसं फार आहेत.

तेव्हापासून अंजनाला एक नवंच भय लागलं. हायवेवरून ॲम्ब्युलन्स ओरडत गेली की तिच्या मनात यायचं, आता फोन येईल का? आणि पुढच्याच क्षणाला तिला कळायचं, कुणाच्या तरी मरणाची वाट बघतोय आपण. ती गालात मारून घ्यायची आणि भीमाशंकराला म्हणायची, देवा, ह्या तोंडाचं ऐकू नको.

झुबेदाची ओळख झाली ती डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर. जुन्नरात तिच्या नवऱ्याचं, सलीमचं, गाद्या भरायचं दुकान. तोही आत संपतच्या शेजारच्याच मशीनवर. दोघी आधी भाकरी-चटणीचं बोलल्या, मग पोरांचं, मग सासवांचं. एक दिवस झुबेदा म्हणाली, माझी किडनी द्यायला तयार आहे, पण मेला गटच आडवा येतो, माझा ए, त्यांचा बी. अंजनानं उघडलेला डबा पुन्हा बंद केला.

"भाभी, माझा बी हाय," ती म्हणाली. "आन् ह्यांचा ए."

झुबेदानं पिशवीतून फोन काढून तिच्या हातात दिला.

साधनाला फोन केला, तर ती म्हणाली, असं होतं, कायद्यात बसतं. हिची किडनी त्याला, तिची ह्याला. पण दोघींच्याही सगळ्या तपासण्या पास व्हायला हव्यात. सरकारी समिती दोघींना वेगवेगळं बसवून विचारणार. आणि ऑपरेशनं एकाच दिवशी, एकाच वेळी, म्हणजे एकीचं झाल्यावर दुसरीनं माघार घ्यायला नको. एकीचं अडलं तर दोघींचंही अडलं.

गावात बोलणं झालंच. रामनाथ म्हणाला, "वैनी, त्यांचं आपल्यात चालंल का?" तेव्हा अंजनाची सासू, भागूबाई, चुलीपुढून बोलली, "तुझं चाललं असतं की रं. तू दिलं का?"

तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची. अंजनाला तो शकुनच वाटला. एरवी ती उपासाला साबुदाणा, दूध घ्यायची. यंदा तिनं ठरवलं, निर्जळ करायचा. वडाला सूत गुंडाळताना तिनं फक्त एवढंच मागितलं, उद्याचं नीट होऊ दे. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी. घोटभर चहावर निघाली. वाटेत पाणी प्यायली नाही, कारण बाईमाणसानं एसटीत पाणी प्यायचं म्हणजे पुढं जागा कुठं शोधायची? दवाखान्यात रांग. रक्त दिलं तेव्हा दुपार टळली होती.

चार दिवसांनी साधनाचा फोन आला. रिपोर्टमध्ये जरा गडबड आहे. तुमच्याच किडनीवर ताण दिसतोय. पुन्हा तपासू, पण पुन्हा असंच आलं तर डॉक्टर तुमची किडनी घेणार नाहीत.

अंजनाच्या मनात आलं, आपल्याही किडन्या गेल्या की काय? संपतचं कसं, घराचं कसं, आणि तिकडं सलीमभाईचं कसं? घरात तिनं कुणाला सांगितलं नाही. रात्री अंगाला सूज आहे का, हे ती बोटानं पाय दाबून बघायची. देवाचंही तिला कळेना. ज्या उपासानं नवऱ्याचं आयुष्य मागितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी असं का व्हावं? झुबेदाला कोणत्या तोंडानं सांगावं?

पुढच्या डायलिसिसला ती बाकावर आली तर झुबेदाही खाली मान घालून बसलेली. अंजनालाच राहवेना.

"भाभी, माझं रिपोर्ट बिघडलं. तुमी दुसरं कुणी बघा."

"मलाबी परत बोलावलंय," झुबेदा म्हणाली.

"तुमाला? तुमाला काय झालं?"

झुबेदानं इकडंतिकडं बघितलं. "मन्नत व्हती माझी. तपासनी नीट पार पडावी म्हनून रोजे धरले. माझ्या तपासनीच्या दिवशीबी रोजाच व्हता. रक्त दिल्यानं रोजा तुटत नाय, म्हनून कुणाला बोलले नाय."

"पाणी?"

"रोज्यात कुठलं पाणी, ताई?"

अंजनानं कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या वडाची हकीकत सांगितली. आधी झुबेदाला हसू फुटलं, मग अंजनाला, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांना पदर गेला. आतून सिस्टर बाहेर येऊन दटावून गेली.

दोघींनी तिथूनच साधनाला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. साधना म्हणाली, अहो, ज्या किडनीसाठी देवाला साकडं घातलं, तिलाच तहानेनं मारलंत की. आता तपासणीपर्यंत भरपूर पाणी प्या, उपास नाही, रोजा नाही. त्यानं रिपोर्ट सुधारतीलच असं मी म्हणत नाही. बघू.

"बघू" हा शब्द अंजनाला रात्रंदिवस टोचत राहिला.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी सोमवार होता. लग्न झाल्यापासून अंजनानं सोमवार मोडला नव्हता. सकाळी ती देव्हाऱ्यापुढं बसली. भीमाशंकराच्या तसबिरीला हात जोडून तिनं सरळ सांगितलं, बाबा, हा सोमवार माझ्याच्यानं व्हायचा नाही, परक्या माणसाचा जीव माझ्या अंगात ठेवलेला आहे. मग उठली आणि भाकरी खाल्ली. भागूबाईनं बघितलं. मग तिनंच पेला भरून पुढं केला. संपत ओट्यावर बसला होता. अंजना पेला घेऊन मोरीकडं निघाली तसा तो म्हणाला, "हितंच पी. माझ्यासमोर पी."

ती त्याच्यासमोर प्यायली. त्यानं नजर काढली नाही, आणि तिनंही नाही.

दोघींचे रिपोर्ट पास झाले. समितीसमोर अंजनाला एका साहेबांनी विचारलं, समजा, तुमची किडनी काढली आणि ऐनवेळी काही होऊन तुमच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालंच नाही, तर? अंजनानं ह्याचा विचार केला नव्हता. मग म्हणाली, "मंग सलीमभाईला तरी लागंल ना. वाया तर जायची न्हाई." दुसऱ्या खोलीत झुबेदा काय बोलली ते अंजनानं कधी विचारलं नाही.

ऑपरेशनं झाली. अंजनाला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग पेटलेली. साधना उशाशी होती. म्हणाली, संपतरावांची किडनी टेबलावरच चालू झाली, लघवी धो धो आहे. अंजनानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग डोळे उघडून विचारलं, "आन् सलीमभाई?"

साधना म्हणाली, त्यांची अजून सुरू व्हायची आहे. कधीकधी वेळ लागतो.

म्हणजे अंजनानं दिलेली किडनीच चालत नव्हती. तो दिवस गेला, दुसराही गेला, सलीमला पुन्हा मशीनवर घ्यावं लागलं. शेजारच्या खाटेवर झुबेदा भिंतीकडं तोंड करून पडलेली, ओठ हलत होते. तिच्या किडनीनं अंजनाचं घर सावरलं होतं, आणि अंजनाची मात्र सासरी धाडलेल्या हट्टी लेकीसारखी तिथं रुळायला तयार नव्हती. अंजनाला वाटे, त्या निर्जळ उपासानंच तिला कायमचं दुखावलं असेल का? आपण घेतलं पुरेपूर आणि दिलं ते असलं. झुबेदानं एकदा हात लांब करून तिच्या खाटेची दांडी धरली. त्यानं तर अंजनाला जास्तच रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली आणि झुबेदाच्या खाटेशी वाकून म्हणाली, मावशी, तुमच्या मिस्टरांना थोडी लघवी झाली.

झुबेदानं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. अंजना टाके विसरून कोपरावर उठली. कळ मस्तकात गेली, तरी तिनं सिस्टरचा हात धरला.

"थोडी म्हंजी किती, सिस्टर? जरा नीट बघून या ना."