नारळ उभा राहिला असता तर

माझी नोकरी नारळापायी गेली, असं आमच्या घरी अजून सांगतात. साफ खोटं. ती गेली माझ्या तोंडापायी, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

नव्वदचं दशक. कानडी मुलखात, यशवंतपूरजवळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होते. नोकरी हंगामी, विभागप्रमुखांनी सही केली तरच पुढचं वर्ष. हे सर कट्टर नास्तिक. असेनात का, मी तरी कुठे देवभोळी होते! पण एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, जमिनीखाली पाणी असेल तिथे पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो म्हणतात, ते विज्ञानाला तपासता येईल का? मी म्हटलं, "का नाही येणार?" ते सरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून दम भरला.

"जगात जडवस्तूंशिवाय काही नाही हे आधी मान्य करायचं, मगच विज्ञान सुरू होतं. दैवी शक्ती मधे आणली की काहीच खोटं ठरवता येत नाही. वर्गात जाऊन शब्द मागे घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीचं विसरा."

तणतणत घरी आले, तर अंगणात पाणाड्याच उभा! नळाला पाणी येत नव्हतं, म्हणून अण्णांना, माझ्या वडिलांना, बोअर मारायची होती. त्या माणसाच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जास्वंदीपाशी टुणकन उभा राहिला. अण्णांनी लगेच तिथे हळद-कुंकू वाहिलं. मी म्हटलं, तपासून बघू या. अण्णा भडकले. "तुमचं विज्ञान ही शक्तीच मानत नाही, ते तपासणार काय, कपाळ?"

घ्या! एक देवाचं नाव न घेणारा, दुसरा सकाळभर पूजेत बसणारा, आणि दोघांचं म्हणणं एकच: तपासू नकोस. माझं डोकंच फिरलं. अहो, शक्ती कसली ते राहू दे बाजूला. नारळ पाण्यावर उभा राहतो म्हणता ना? मग डोळे बांधले तरी त्याच जागी उभा राहायला हवा. एवढं बघायला जग कशाचं बनलंय हे आधी कशाला ठरवायचं?

पाणाड्या सज्जन माणूस. "सरी, अक्का," म्हणजे बरं ताई, म्हणाला आणि पंच्यानं डोळे बांधून घेतले. त्याचा दंड मी धरला. अण्णांना धरू दिला नाही. नकळत हळदीकडेच नेलं असतं त्यांनी. नारळ उभा राहिला फाटकापाशी. मग धुण्याच्या दगडाजवळ. मग थेट पायरीवर. जास्वंदीशेजारून कितीदा फिरवलं, ढिम्म हलला नाही.

"डोळे झाकले की शक्ती येत नाही," तो म्हणाला. हे आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं, तेव्हा तो पंचा झटकू लागला. अण्णांनी नारळ नेऊन देवासमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सरांना सगळं सांगितलं. त्यांची कळी खुलली. "मी म्हणत नव्हतो?"

"नाही सर. तपासताच येणार नाही म्हणत होतात. समजा, नारळ दर वेळी जास्वंदीपाशीच उभा राहिला असता, तर?"

"तरी मी मानलं नसतं."

"मग जे खोटं ठरूच शकत नाही, ते तुमचं मत आहे. नारळाचा दावा नव्हे. शब्द मी मागे घेणार नाही."

बाकीचे सगळे माना खाली घालून चहा पीत राहिले. पुढच्या वर्षी येऊ नका, असं मला तिथेच सांगण्यात आलं.

संध्याकाळी पायरीवर बसले होते. राग होता, रडूही येत होतं. अण्णा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "काल नारळ उभा राहिला असता, तर काय केलं असतंस?"

"वर्गात जाऊन सांगितलं असतं, अण्णा, की उभा राहतो. आणि का राहतो ते शोधत बसले असते."

अण्णा उठले. देवासमोर ठेवलेला तो नारळ घेऊन आले आणि पायरीवर आपटून फोडला.

"चटणी कर," त्यांनी आत आईला हाक मारली. "मिरची स्वल्प जास्त घाल, पोरीला आवडते."