कुलपातले खोबरेल

नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या उल्हास सोवनींच्या सायकलीला जेवढा साज होता, तेवढा त्यांच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही नव्हता. पुढे दिवा, मागे दिवा, मध्ये आरसा. हँडलवर हात उबेत ठेवणाऱ्या जाड खोळी, सीटवर टोपडे. महामारीच्या हिवाळ्यात ऑफिस घरात आले, माणसे घरात कोंडली आणि उल्हासरावांची सारी भक्ती या सायकलीच्या चरणी एकवटली. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे रोज सकाळी निरूपण चाले. ‘खोळीतून ब्रेक पूर्ण दाबता येतो ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, ती घरात ठेवावी.’ शब्द न शब्द खरा. उणे इतकेच, की हिवाळाभर वक्त्याची सायकल अंगणातून हलली नव्हती!

फेब्रुवारीत बर्फ पडला, ट्राम थांबल्या. शेजारच्या द हेग शहरात एकटा राहणारा विद्यार्थी वेदांत करोनाने अंथरुणाला खिळला होता. त्याने ग्रुपवर लिहिले, ‘दोन दिवस पोटात फक्त पाणी आहे. कुणी दाराशी मऊ भात ठेवेल का?’

हात जोडलेली चित्रे अकरा आली. भात द्यायला एकच उठला. ‘निघालो!’ उल्हासरावांनी लिहिले.

पत्नी उत्तराबाईंनी डबा भरून हाती दिला. उल्हासरावांनी चाकाच्या कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरेना.

“कालच तेल दिलं होतं मी!”

“कसलं तेल?”

“घरातलंच. शुद्ध खोबरेल.”

उत्तराबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, बाथरूममधली बाटली नोव्हेंबरपासून दगड झालीय. केसांना लावायला मी ती गरम पाण्यात ठेवते. आणि तुम्ही ते उणे आठ अंशांत ठेवलेल्या कुलपात घातलंत?”

“साखळीलाही लावलंय,” उल्हासराव पुटपुटले. “ब्रेकच्या तारेलाही.”

“मग कुलूप उघडलं नाही ही नारायणाचीच कृपा! उघडलं असतं तर थांबला असता कशाने?”

“उकळतं पाणी ओतू का?”

“ओता की. तेही गोठेल, मग वसंतातच भेटेल तुमची सायकल.”

तेवढ्यात ग्रुपवर मंडळातल्या रुचिरने विचारले, ‘काका, पोचलात?’

‘रस्ते बंद आहेत’ एवढे लिहिले असते तर अब्रू राहिली असती. बोटे तिकडे वळलीही. पण हातातल्या डब्याची ऊब उतरत चालली होती, आणि पलीकडे एक पोर उपाशी होते. त्यांनी लिहिले, ‘कुलपात खोबरेल घातले. गोठले. चालत निघालो.’

कोटाच्या आत डबा छातीशी धरून पाच किलोमीटर बर्फ तुडवायला त्यांना दीड तास लागला. डबा दाराशी ठेवून ते दूर सरकले. वेदांत दारातच बसला आणि चमचाही न मागता बोटांनी जेवू लागला. उल्हासरावांच्या मिशीवर बर्फ साचला होता. तो त्यांनी पुसला नाही, डोळे मात्र पुसले.

“काका,” वेदांतने खरवडून रिकामा झालेला डबा खाली ठेवला, “उद्याही याल?”

उल्हासरावांनी परतीच्या पांढऱ्या वाटेकडे पाहिले. पाय ठणकत होते.

“येतो. पण जरा उशीर होईल, बाळा.”