गतिरोधक कुणी फोडला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चौकात माईक धरून साहेबांपासून पिकअपवाल्यांपर्यंत सगळ्यांना झोडपणारा मी — पण हे आईलासुद्धा नाही.

घोडेगावच्या रस्त्याला आमची वस्ती. कांद्याच्या दिवसांत गाड्या अशा सुटतात, की शाळेला निघालेली पोरं कडेच्या चरात उतरून उभी राहतात. पोरांनी चरात का उभं राहायचं? आम्ही दोनच गोष्टी मागत होतो — वस्तीपाशी गतिरोधक, आणि तिथून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्यांची, सायकलींची वेगळी वाट. पत्रकं मी लिहायचो. अर्ज कुजले, तेव्हा गतिरोधक आम्हीच घातला, मुरूम-डांबर आणून. आणि वाटेच्या मधोमध ज्यांचं शेत, त्या भिकूनानांनी बांधालगतची पट्टी सोडायचं कबूल केलं. कागद नाही, नुसता शब्द.

नाना भाड्यानं ट्रॅक्टर चालवायचे. चेष्टेखोर माणूस. गतिरोधकावरून जाताना ओरडायचे, “पुढारी, ह्यो गतिरोधक न्हाई, डोंगार हाय. वर आल्यावर च्या तरी पाजत जा.”

नानांची लता आणि मी सायकलीनं कॉलेजला जायचो. चढाला दोघंही उतरायचो, सायकली हातात धरून चालायचो. मागून हॉर्न वाजला की बोलणं तोडून एकामागं एक व्हायचं. वाट झाली की शेजारी शेजारी चालता येईल — असं ती एकदा म्हणाली. खरं सांगू? माझी अर्धी चळवळ त्या एका वाक्यावर चालली होती.

मग यात्रा आली. यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत, आणि आमच्या दावणीला शर्यतीचा बैल. त्याचा पाय दुखावलेला. आदल्या दिवशी वडील म्हणाले, “तुझ्या त्या उंचवट्यावर बैलाची पिकअप आदळली, तर गेली आपली बारी. बैल मोठा का तुझं पत्रक?”

काय उत्तर द्यायचं होतं मी? गाडी हळू घ्या — एवढंच. सगळ्या तालुक्याला मी दुसरं काय सांगत होतो?

भर दुपारी वस्ती देवळाकडं गेली होती. मी टिकाव घेतला. यात्रा झाली की परत घालू, असं मनाशी म्हणत राहिलो. मी स्वतः घातलेला, त्यामुळं कुठून फोडायचा ते ठाऊक होतं. बैल शर्यतीत पळाला. बक्षीस काही हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला. तोंड उघडायचं सोडून मी पत्रक काढलं — “ज्यांच्या ट्रॅक्टरला घाई आहे, त्यांनीच मुलांच्या जिवाशी खेळ केला.” नाव घातलं नाही. गरज काय होती? वस्तीत भाड्याचा ट्रॅक्टर एकच. किराणा दुकानात कुणीतरी म्हणालं, “काय नाना, च्या मिळंना म्हणून डोंगारच खाल्ला व्हय?” सगळे हसले. नाना हसले नाहीत. मी तिथंच उभा होतो, हातात उरलेली पत्रकं घेऊन.

नाना एवढंच म्हणाले, “ज्या गावात मी चोर, त्या गावाला माझा बांध कशाला?”

लतानं ते पत्रक वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती एसटीनं जायला लागली. तिला कळलं होतं का? विचारायची छाती झाली नाही.

आता गतिरोधक पक्का आहे, पांढरे पट्टे मारलेला. वाटही झाली. दोन्ही बाजूंनी येते आणि नानांच्या बांधापाशी तुटते. तिथं पोरं सायकली उचलून पुन्हा रस्त्यावर चढतात, गाड्यांच्या तोंडी. मी दर वेळी पाहतो आणि मान वळवतो.

गतिरोधक मी फोडला. नानांनी नाही, मी.

लता लग्न होऊन आणे गावाला गेली. चढाला मी अजून उतरतो, सायकल हातात धरतो. वाटेची रुंदी मीच हट्टानं धरली होती — दोन सायकली आणि दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढी. मी एका कडेनं चालतो.