देवघरामागचा खांब

थू वन-लुंगचा देवांशी काही वाद नव्हता. वाद होता तो माणसांशी, आणि ह्वालियन शहरातल्या भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं पार फिरलं होतं.

सकाळपासून तपासायला घेतलेली ही सातवी इमारत. जिथे जावं तिथे लोक त्याला हाताला धरून नेत आणि भिंतीतली भलीमोठी भेग दाखवत. अरे, भिंत म्हणजे नुसता विटांचा पडदा! ती पडली तर कुणाचं डोकं फुटेल, इमारत पडणार नाही. इमारत उभी असते खांबांवर, आणि खांब मात्र कुणी आरशामागे दडवलेला, कुणी फ्रिजमागे. खांब दाखवा म्हटलं की घरातली तिजोरी उघडायला सांगितल्यासारखे चेहरे व्हायचे.

एकोणतीस वर्षं तो हेच करत आला होता. हॉटेलात गेला तरी मेनूकार्ड उघडायच्या आधी खांबावर बोटांनी टकटक करायचा. बायको म्हणायची, "पुढच्या वेळी मी दुसऱ्या टेबलावर बसते, तू खांबाबरोबर जेव." मोठा भूकंप झाला की तो इंजिनियरच्या नोकरीतून रजा टाकून, हेल्मेट नि छोटा हातोडा घेऊन स्वयंसेवक तपासनीस म्हणून हजर व्हायचा. पगार शून्य. जेवणाचा डबा मिळे, तोही गारढोण. इमारत धोकादायक असेल तर दारावर लाल कागद, जपून वापरायची असेल तर पिवळा, ठीक असेल तर काहीच नाही.

या सातमजली इमारतीतली तेरा कुटुंबं शाळेच्या हॉलमध्ये पुठ्ठ्यांवर झोपत होती. आत्ता ती सगळी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी होती. आज घरी जायला मिळणार का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"साहेब, लाल तेवढा नको हं," सोसायटीचा चेअरमन फान त्याच्या मागे मागे येत म्हणाला. "लाल लागला की फ्लॅटचे भाव बसले. पिवळा चालेल. आम्ही भेगा भरून रंग काढून घेऊ."

"मी काय कागदाचं दुकान थाटलंय? गिऱ्हाइकाला विचारून रंग देऊ?" थू खेकसला, तसा फान बाहेर सटकला.

तळमजल्यावर एक्क्याऐंशी वर्षांची लाय आजी एकटी राहायची; दार उघडून द्यायला ती तेवढी आत आली होती. इमारतीचा मधला खांब तिच्याच पुढच्या खोलीत होता, आणि त्याला खेटून उभं होतं तिचं देवघर: छातीइतकं उंच, वर करुणेची देवी क्वानयिन माता, शेजारी पूर्वजांच्या नावांची पाटी.

"आजी, हे सरकवावं लागेल."

"लागेल म्हणजे? घर मातेचं आहे. तिला विचारायला नको?"

आजीने उदबत्त्या लावल्या, कौल लावायचे दोन अर्धचंद्राकृती लाकडी ठोकळे कपाळाला लावून काहीतरी पुटपुटत जमिनीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर देवीचा होकार, आणि असा होकार ओळीने तीनदा यावा लागतो. दोन्ही उताणे पडले.

"हसली," आजी म्हणाली.

"कोण हसलं?"

"माता. प्रश्न नीट विचारला नाही की हसते ती."

तिने प्रश्न बदलला. माता पुन्हा हसली. तिसऱ्यांदा दोन्ही पालथे, म्हणजे साफ नकार. तेवढ्यात जमिनीने पुन्हा एक हिसका दिला आणि वरचा दिवा झुलायला लागला.

"आजी, हद्द झाली! इमारत हलतेय, देवी हसतेय, आणि मी मधे उभा! सरळ विचारा तिला. ढिगाऱ्यातून उपसून काढण्यापेक्षा आत्ता उचलून नेलेलं बरं ना?"

आजीने त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. पण शब्दन् शब्द तसाच विचारला. होकार. परत होकार. तिसऱ्यांदाही होकार.

"तिलाही स्पष्ट बोलणं आवडतं बहुतेक," आजी नाइलाजाने म्हणाली.

देवघर सरकलं. खांबावर तिरप्या भेगा होत्या. थूने हातोड्याने गिलावा पाडला. आतल्या काँक्रीटचा चुरा झाला होता, उभ्या सळया वाकून बाहेर आल्या होत्या. लाल कागद, विचारायचं कामच नव्हतं. नव्या भेगांच्या कडा पांढऱ्या, स्वच्छ होत्या. त्यांच्यामधली एक मात्र आतपर्यंत काळी होती. त्याने बोट फिरवलं, बोटाला काजळी लागली. या भेगेने वर्षानुवर्षं उदबत्तीचा धूर खाल्ला होता. म्हणजे ही इथल्या सहा वर्षांपूर्वीच्या भूकंपातली.

"कोण मूर्ख आला होता तेव्हा तपासायला?" थू ओरडला. "कुणी पास केली ही इमारत? आंधळा होता का तो?"

"आंधळा कशाला? सभ्य माणूस होता. मातेला हात जोडले, म्हणाला, राहू दे आजी, देवीला कशाला त्रास, ठीकच असेल. चहा घेतला नि गेला." आजी थांबली. "तूच होतास, बाळा. केस काळे होते तेव्हा."

थूने काजळी लागलेल्या बोटाकडे पाहिलं.

"आधी का नाही बोललात?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, तुला आठवतंय. म्हणून तर या खेपेला एवढा हट्ट धरलायस."

तो बाहेर आला, दारावर लाल कागद चिकटवला. फान तणतणायला लागला. थूने त्याला बोलू दिलं, मग रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा खांब सहा वर्षांपूर्वीच फुटला होता. मी तो न बघताच इमारत पास केली. चूक माझी."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गर्दीतून एक बाई पुढे आली. "ती कोपऱ्यावरची निळी इमारत," ती म्हणाली. "तिथे कागद लागला नाही. माझी आई काल संध्याकाळीच परत राहायला गेली. ती कुणी तपासली?"

ती त्यानेच तपासली होती, काल, अंधार पडता पडता. तिथला एक खांब कपाटामागे होता, आणि कपाट फार जड होतं.

"चला," थू म्हणाला, आणि चालायलाही लागला. "आधी तुमच्या आईला बाहेर काढू."