राळेची वाटी

सुमन, अशी जवळ ये बघू. थोरल्या काकूला जाऊन महिना झाला आणि तू सांगलीला विश्रामबागेत बसून नुसते निरोप धाडतेस, होय गं? सासरी कामं असतात, ठाऊक आहे तुझ्या आईला… पण माझी जाऊ गेली आणि हे घर कसं मुकं झालं ते निरोपातून कळायचं नाही. म्हणून लिहितेय. चार लोक वाचतील, वाचू देत.

लढाईची वर्षं आठव. तू परकरी होतीस. काकूचा दत्तू ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आणि सगळ्या उंब्रजला बातम्या ऐकायला चावडीतला एक बॅटरीचा रेडिओ. त्याच्या आतली तार तुटली आणि तो गप्प झाला. दुरुस्तीवाला साताऱ्याचा, तोही फौजेत गेलेला. काकूचा जीव त्या बातम्यांवर तगलेला. म्हणाली, पेटी घरी आणा, डाग देऊन तार मी जोडते. तांबटाच्या घरातली ती, भट्टीपुढं वाढलेली. तांब्याची कांडी तापवली, कल्हईला लावतात तसा नवसागर लावला, कथलाचा डाग दिला. रेडिओ बोलला. आठवडाभर बोलला, मग खरखरला आणि पुन्हा मुका. उघडून बघतो तर डागाभोवती हिरवा कळंक, तार खाल्लेली. त्या दिवशी काकू जेवली नाही.

मग एका दुपारी ती आपली पितळी वाटी घेऊन बसली. टाचांच्या भेगांना मलम करायला त्यात राळ वितळवायची ना, ती. वाळलेली राळ नखानं खरवडली, तर खालचं पितळ नुकतंच घासल्यासारखं झगझगीत. ती वाटीकडे बघत राहिली… मी तिच्याकडे. राळेचा खडा कुटून तारेवर टाकायला लागली तसे तुझे धाकटे काका हसले.

"आवं वैनी, रेडिओच्या टाचा फुटल्यात व्हय?"

"कल्हईच्या भांड्यावरचा नवसागर धुता येतो, भावजी. ही तार कुटं धुवायची? हितं मागं ऱ्हाईल ते खाणारं नगं."

धूर उठला, देवळातल्यासारखा वास सुटला, कथील पाण्यासारखं तारेवर पसरलं. बातम्या लागल्या. दत्तूचं नाव त्यात कुठून येणार? आपली फौज पुढं सरकली, एवढंच. काकू दाराला टेकून हळूच म्हणाली, "म्हंजे चालतोय माझा पोरगा."

वाटीच्या बुडात बघून माणसाला एवढं दिसावं… अजून नवल वाटतं.

लढाई संपली, दत्तू आला. आता तो रेडिओ तोच सांभाळतो. परवा बॅटरी बदलायला त्यानं पेटी उघडली. आईच्या हातचा तो डाग रुप्यासारखा लखलखीत, वर राळेची मधाच्या रंगाची पापडी. त्यावर बोट ठेवून बसला.

वाटी कोनाड्यात आहे. घरातली सगळी भांडी मी घासते, तेवढी घासत नाही. दुपारी ऊन आलं की तिला अजून वास सुटतो. ऊन कोनाड्यात येतंय तोवर, ये लवकर.