बिनहँडलची खिडकी

आमच्या शेठची गाडी इटलीची होती. शाळेत शिकलेलं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी तिनं माझ्याकडून विसरवून घेतलं. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा खालापूरच्या बाजूला जीप, ट्रक आणि एस.टी. यांच्यापलीकडे चार चाकं फारशी दिसत नसत. शेठ मुंबईचे, पण खालापूरजवळ त्यांचा बंगला आणि आंब्याची बाग होती. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याची ही लांबलचक निळी गाडी शेठनी घेतली आणि ती चालवायला मला ठेवलं. मी दहिवलीचा, सातवी पास, ट्रकवर हात बसलेला. पंचवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

त्या गाडीत माणसाच्या सोयीसाठी इतकं काही करून ठेवलं होतं की गैरसोयच जास्त व्हायची. आतल्या वाऱ्याच्या दांडीला एका टोकाला C लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला F. C म्हणजे कोल्ड, एवढं मला येत होतं. ऐन मे महिन्यात शेठना गार वाटावं म्हणून मी दांडी C कडे सारली आणि पनवेलपर्यंत त्यांना मोदकासारखं वाफवून काढलं. इटलीवाल्यांचा C गरमचा असतो, हे नंतर कळलं. शेठनी त्या दिवशी मला गुजरातीत, मराठीत आणि इंग्रजीत ऐकवलं, आणि तिन्ही भाषा मला नीट समजल्या.

घड्याळाचीही तऱ्हाच होती. रस्ता गुळगुळीत असला की ते बंद पडे, खड्ड्यातून गेलं की टिकटिक करू लागे. आमच्या भागात त्यामुळे ते बऱ्यापैकी वेळेवर चालायचं. हॉर्न दोन होते, शहरासाठी मंजुळ आणि हमरस्त्यासाठी खणखणीत. मंजुळ हॉर्न ऐकून म्हैस मान वळवून कौतुकानं बघायची, पण जागची हलायची नाही. स्टेअरिंग डाव्या बाजूला. काचा खालीवर करायला दारांना हँडलच नव्हतं. दोन्हीकडची बटणं मधोमध, गिअरच्या पुढ्यात. काच वर न्यायच्या टोकाला SU असं लिहिलेलं. बंगल्यावरचा माळी ते मोठ्यांदा 'सू' असं वाचायचा आणि दर वेळी पहिल्यांदाच वाचल्यासारखा हसायचा.

मला मात्र या गाडीचा कधी राग आला नाही. तिच्या सगळ्या खोडी मला पाठ होत्या आणि दुसऱ्या कुणालाच नव्हत्या, याचा मला गर्वच होता.

नेरळच्या पुढं पोशीरला माझी मावशी राहायची. तिच्या शेजारच्या घरातली मुलगी माझ्या मनात भरली होती. दोन वर्षं मी मावशीची तब्येत विचारायच्या निमित्तानं पोशीरला जात होतो. मावशीची तब्येत ठणठणीत होती, आणि मी का येतो हेही तिला ठाऊक होतं. शेवटी तिनंच मुलीच्या वडलांकडे शब्द टाकला. ते भातशेतीवाले, खाऊनपिऊन सुखी, बोलायला एकदम कमी. ड्रायव्हर माणूस म्हणजे आज इथं, उद्या तिथं आणि परवा कुठे ते त्यालाच माहीत नाही, असं त्यांचं मत होतं. तरी मावशीच्या शब्दाखातर ते एकदा स्थळ बघायला खालापूरला आले. एकटेच, एस.टी.नं.

त्यांनी बंगल्याच्या आवारातली माझी खोली बघितली, स्टोव्ह बघितला, मग खाटेखाली वाकून बघितलं. काय शोधत होते ते मला कळलं. बाटली नव्हती. त्यांनी चहा घेतला, टोपी नीट केली आणि निघायला उठले. आमच्याकडे होकार किंवा नकार मुलाच्या घरात बसून देत नाहीत. घरी जायचं आणि मग मध्यस्थाच्या तोंडून कळवायचं. म्हणजे आता मावशीचा निरोप येईपर्यंत मला अन्न गोड लागणार नव्हतं. तेवढ्यात शेठ व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "पाहुण्यांना बसनं कशाला पाठवतोस? गाडीनं सोडून ये."

मला आभाळ ठेंगणं झालं. मी त्यांना पुढं, माझ्या उजव्या हाताला बसवलं. काचा बंद केल्या, दांडी F कडे सारली आणि गार वारा सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले. कर्जतच्या अलीकडे समोरून एस.टी. आली. उजव्या बाजूला बसलेला एक टोपीवाला माणूस हातात काहीही न धरता एवढी मोठी गाडी हाकतोय, हे बघून त्या ड्रायव्हरनं बस पार कडेच्या गवतात घातली.

"त्यो का घाबरला रं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच गाडी चालवताय असं वाटलं त्याला, काका."

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि माझी भीड चेपली. कर्जत मागं पडलं तशी त्यांनी चंची काढली, तंबाखूला चुना लावून मळली आणि चिमूट गालात धरली. मी आपला बोलत सुटलो. शेठ गाडीला किती जपतात, मधाच्या रंगाचं हे सीटचं कातडं कसं खास आहे, सगळं सांगितलं. "माझ्या आधीचा ड्रायव्हर चहाच्या एका डागापायी गेला, काका. त्याच दिवशी. मला दोन वर्षं झाली, एक ठिपका नाही." नोकरी पक्की आहे हे त्यांना कळावं, म्हणून ही सगळी बढाई.

ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"नं मी पुरता चेकाळलो. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. सकाळपासून मी जिभेला आवर घालून काका काका करत होतो. आता ती सुटली.

"मग मामा, पसंत आहे ना मी तुम्हाला?"

त्यांनी झटक्यात हात वर केला, जोरजोरानं हलवला, आणि बंद ओठांतून म्हणाले, "उंहूं! उंहूं!"

एवढा स्पष्ट नकार मी जन्मात ऐकला नव्हता. कान गरम झाले. गाडीत विचारायला नको होतं, मामा तर मुळीच म्हणायला नको होतं. मी नजर रस्त्यावर खिळवली आणि ठरवलं की आता पोशीरपर्यंत या माणसाकडे बघायचं नाही. पण कडेच्या नजरेला दिसायचं ते दिसतच होतं. त्यांचा हात दारावर वरखाली फिरत होता. चालत्या गाडीतून उतरायला निघालेत की काय? माझ्या शेजारी बसणंसुद्धा नको झालं? मला रडू आलं, आणि त्याच रागात मी गाडी जोरात सोडली. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी खांदा झटकला. आज आठवलं तरी लाज वाटते.

नेरळ जवळ आलं आणि त्यांची मान माझ्याकडे कलली. बघतो तर चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, टोपी हातात. मी गाडी कडेला घेतली, पळत जाऊन त्यांचं दार उघडलं आणि त्यांना धरून करंजाच्या सावलीत बसवलं. पाण्याचा डबा मागं डिकीत होता. डिकी उघडायची कळ इटलीवाल्यांनी सोय म्हणून गाडीच्या आत ठेवलेली. घाईत मी भलतीच कळ ओढली आणि पुढचं बॉनेट उघडलं. दुसऱ्या खेपेला डबा हाती आला. पाणी रेडिएटरसाठी ठेवलेलं होतं, पण स्वच्छ होतं. ते चूळ भरून घोट घोट प्यायले. एकामागून एक उचक्या लागल्या होत्या.

"काय होतंय तुम्हाला?"

"तंबाखू गिळली," ते म्हणाले. "समदी. पानी बी गिळलं तिचं."

"गिळली कशाला? थुंकायची ना!"

"कुठं थुकू? काचंला हँडल नाय तुज्या. मगापास्नं सांगतोय काच खाली घे, काच खाली घे, तर तू माज्याकडं बघंना."

म्हणजे ते "उंहूं" मला नव्हतंच. त्यांचं तोंड भरलं होतं.

"अहो, मग आतच थुंकायचं!" मी ओरडलोच. "सीटवर थुंकायचं. जिवापेक्षा सीट मोठी आहे का? मी पुसून काढलं असतं."

त्यांनी डबा खाली ठेवला आणि नांगर उलटा धरणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आनि तुजी नोकरी गेली असती मंजी? माज्या पोरीला काय खाया घालनार व्हतास?"

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, त्यांच्या पाया पडलो. आशीर्वाद द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना पुन्हा उचकी लागली.